अंगठा लागत नाही

यंत्रावरचा हिरवा दिवा तुझ्यासाठी कधी पेटलाच नाही.
नेरूळच्या बँकेत, दर नोव्हेंबरात,
हयातीच्या दाखल्याला आपण दोघी.
काउंटरवरची मुलगी म्हणायची, आजी, बोट पुसून घ्या.
तू लुगड्याला पुसायचीस,
मग केसांतून फिरवून थोडं तेल आणायचीस,
मग देवापुढे सुपारी ठेवावी तसा ठेवायचीस.
अंगठा लागत नाही.
"मी हाय ना गो तुजे समोर,
अजून कवरी जिती होऊ?"
रांग हसायची. मीही.

चिंबोऱ्यांच्या नांग्या, निवट्यांना चोळायची राख,
खारीतल्या लावणीचा चिखल,
चुलीवरून फडक्याशिवाय उतरवलेली भांडी.
रेषा कुठून राहणार?

एकदाच लागला होता म्हणे, चटकन.
त्र्याहत्तर की चौऱ्याहत्तर, तुला साल सांगता यायचं नाही,
"तुजा बापूस रांगत व्हता" एवढंच.
करावे गावच्या शाळेत टेबल मांडून
साहेबानं निळ्या शाईची गादी पुढे सरकवली,
आणि आजोबांच्या मागून तूही उमटवलास,
खाडीपर्यंतच्या अडीच एकरांखाली.
हे सांगताना तुला राग आल्याचं मला आठवत नाही.
तू शाईचंच सांगायचीस.
राखेनं घासली, चिंचेनं घासली,
तरी तीन दिवस भाकरीच्या कडेला निळं उतरत होतं.
आजोबा एक घास हातात धरून बघत बसले,
मग बोलले, "शेत खातांव आपुन."
आणि खाल्ला.

तू माघात गेलीस.
महापालिकेचा दाखला आठव्या दिवशी हातात.
त्याला अंगठा लागत नाही.

परवा तुझ्या मोबाइलवर संदेश आला.
तो बंद करायचा राहिलाय, बाबा रोज चार्ज करतात,
का करता, कुणी विचारत नाही.
प्रिय ग्राहक पोशीबाई चांगो तांडेल,
आपण हयात असल्याचं या महिन्याअखेर कळवावं.
बाबांनी तो दोनदा वाचला
आणि फोन उलटा ठेवला टीव्हीजवळ.

त्याच दिवशी बरणी काढली मी, वरच्या फळीवरची.
गावदेवीमागच्या झाडाची चिंच, गेल्याच्या गेल्या चैत्रातली,
काळी पडलेली, मिठानं पांढुरकी.
गोळा वळला की मधोमध अंगठा दाबायची तुझी खोड,
ऊन आत शिरावं म्हणून.
किती गोळे आम्ही वर्षभरात असेच
न बघता आमटीत टाकले असतील.
हा शेवटचा.
खिडकीशी नेला. समोर नव्या टॉवरची हिरवी जाळी,
त्यातून येईल तेवढाच उजेड.
खळग्यात रेषा होत्या,
गोल, एकीत एक, बारीक.
किंवा चिंचेच्या शिरा असतील.
मी चष्मा आणायला गेले नाही.

माझा अंगठा ठेवून बघितला. आत हलत होता.
तुझा एवढा मोठा कधी होता?
मला तुझा हात आठवतो तो
वेणी घालताना कानामागे लागणारा,
खरखरीत, सुक्या बोंबलाच्या वासाचा,
मी मान ओढून घ्यायचे.

आतून काकी ओरडली, कालवण उकळतंय,
चिंच देतेस की कोकम टाकू?

मी दिली.
गरम पाण्यात पडली तसा आधी खळगा गेला,
मग गोळा सैल झाला.
पाणी आधी चहाच्या रंगाचं, मग बरंच गडद.
काकीनं पिळून घेतलं, चोथा बाजूला काढला.

रूपेश म्हणाला, आंबट झालंय जरा,
आणि भातावर परत वाढून घेतलं.
बाबा काही बोलले नाहीत.
बोटं चाटली, मग अंगठा,
खूप वेळ.

चोथ्यात एक चिंचोका निघाला.
तुझ्या हातून सुटलेला माझ्या माहितीतला पहिला.
कुठे ठेवावा कळेना, म्हणून कुर्त्याच्या खिशात टाकला.
धुवायला टाकताना निघेल.